परदेशात बसून सांगलीतला फ्लॅट विकायचाय: मुखत्यारपत्र, टीडीएस, नक्की कुठून सुरू करू?

कृष्णाकाठ_ऑस्टिन
नमस्कार मंडळी. विश्रामबागला माझा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, २०११ ला घेतलेला, तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. आता ऑस्टिनला असतो, पासपोर्ट भारताचाच, एच-वन-बी वर आहे आणि व्हिसा स्टॅम्पिंगच्या भानगडीमुळे एवढ्यात तिकडं यायला जमणार नाही. फ्लॅट भाड्याने दिलेला होता, आता रिकामा आहे. मिरजेतलं एक शिक्षक जोडपं घ्यायला तयार आहे, ४८ लाखाला बोलणं झालंय, ते बँकेचं कर्ज काढणार आहेत. थोरला भाऊ सांगलीतच असतो, तो धावपळ करायला तयार आहे.

एजंट म्हणतोय ५० लाखाच्या आतला व्यवहार आहे, टीडीएसचा (घेणाऱ्यानं किमतीतून आधीच कापून सरकारला भरायचा कर) विषयच नाही, भावाच्या नावानं जनरल मुखत्यारपत्र पाठवा, पैसे त्याच्याच खात्यावर घेऊ आणि आठवड्यात काम संपवू. ऐकायला सोपं आहे पण मन घेत नाही. टोकन अजून घेतलेलं नाही. कुणी असं लांबून केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

मिरजकर_वकील
टोकन घेतलं नाही हे फार चांगलं झालं, अजून काही दिवस घेऊच नका, कारण खाली कुणीतरी टीडीएसचं लिहीलच आणि त्यात टोकनचा संबंध येतो. मी मुखत्यारपत्राचं सांगतो.

जनरल मुखत्यारपत्र अजिबात पाठवू नका. भावावर अविश्वास म्हणून नाही, तर त्या कागदावर पुढे कोण काय करेल हे तुमच्या हातात राहत नाही म्हणून. या एकाच व्यवहारापुरतं खास मुखत्यारपत्र करा. त्यात फ्लॅट नंबर, मजला, क्षेत्रफळ, सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, चतुःसीमा सगळं लिहा, घेणाऱ्याचं नाव लिहा, किती रकमेच्या खाली विकायचं नाही ते लिहा, पैसे तुमच्या कोणत्या खात्यावर यायचे तो खाते नंबरसुद्धा लिहा, आणि मुदत घाला. खाते नंबर लिहिला की अर्धे वाद जन्मालाच येत नाहीत.

माझ्या मते याहून चांगला रस्ता असा की साठेखतावर (विक्रीचा आधीचा करार) आणि खरेदीखतावर सही तुम्हीच तिकडं करायची आणि भावाला फक्त दुय्यम निबंधकासमोर दस्त हजर करून कबुली द्यायचा अधिकार द्यायचा. म्हणजे किंमत आणि अटी तुम्ही वाचून सही केलेल्या असतात, भावाच्या अंगावर काही येत नाही. वेळ थोडा जास्त लागतो, कागद कुरिअरने इकडं तिकडं फिरतात, पण रात्री झोप लागते. घेणाऱ्याची बँक कोणत्या पद्धतीला मान्यता देते ते मात्र आधी विचारा, काही ब्रँचवाले कॉन्सुलेटचा शिक्का असल्याशिवाय फाइल पुढे सरकवत नाहीत.

तिकडं करायचं कसं तर दोन वाटा आहेत. एक, भारतीय कॉन्सुलेटमधून साक्षांकन, ऑस्टिन ह्यूस्टनच्या कॉन्सुलेटखाली येतं. दुसरी, तिथल्या नोटरीसमोर सही करून टेक्सासच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल, म्हणजे दुसऱ्या देशात मान्य होणारा सरकारी शिक्का. अपोस्टिल करारात भारत २००५ पासून आहे, त्यामुळे ते चालतं. दोन साक्षीदार, फोटो, प्रत्येक पानावर सही, अंगठा. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यायचा असतो, हे लोक हमखास विसरतात आणि मग ऐन नोंदणीच्या दिवशी अडतात. त्यासाठी मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा. सख्ख्या भावाला बिनमोबदला दिलेलं असेल तर मुद्रांक किरकोळ लागतो, पण एजंटच्या नाहीतर तिसऱ्याच कुणाच्या नावानं विक्रीचा अधिकार दिलात तर खरेदीखतासारखाच मुद्रांक मागतात.

आणि नोंदणीच्या वेळी भावाला घोषणापत्र द्यावं लागेल की मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही आणि लिहून देणारा हयात आहे.

वाळवेकर_दादा
वकीलसाहेब, सख्खा भाऊ आहे तर पैसे त्याच्या खात्यावर घेतले म्हणून काय बिघडतंय? आमच्याकडं सर्रास करतात. बाहेरच्या माणसाचं एनआरओ (अनिवासीचं भारतातलं रुपयांचं) खातं उघडायचं म्हणजे बँकेत चार खेटे.

मिरजकर_वकील
दादा, सर्रास करतात हे खरं आहे आणि त्यातले बरेच जण नंतर माझ्यासारख्याकडे येतात हेही खरं आहे. पैसे भावाच्या खात्यावर आले की आयकर खातं भावाला विचारणार हे ४८ लाख कुठले. घेणाऱ्याच्या बँकेचं कर्ज आहे, ती बँक चेक मालकाच्या नावानं काढणार, भावाच्या नावानं काढणारच नाही. आणि यांना पुढे पैसे अमेरिकेत न्यायचे असतील तर एनआरओ खात्यातूनच न्यावे लागतात, भावाच्या खात्यातून नेता येत नाहीत. शिवाय फेमाखाली (परकीय चलनाचा कायदा) परदेशी राहणाऱ्यानं इथलं साधं सेव्हिंग खातं तसंच चालू ठेवायचं नसतं, ते एनआरओ करून घ्यावंच लागतं. ऑस्टिनवाल्या भाऊंनी हे आधीच केलं असेल अशी आशा.

हिशेबनीस_सांगली
मी सीए आहे, सांगलीतच प्रॅक्टिस करते. एजंटचं "५० लाखाच्या आत टीडीएस नाही" हे वाक्य पूर्ण चुकीचं आहे आणि यातून नुकसान बिचाऱ्या शिक्षक जोडप्याचं होतं, म्हणून जरा लांबण लावते.

५० लाखाची मर्यादा आणि १ टक्का हे विकणारा भारतात राहणारा असेल तेव्हाचं, कलम १९४-आयए. विकणारा अनिवासी असेल तर कलम १९५ लागतं आणि त्याला कसलीच खालची मर्यादा नाही. व्यवहार २० लाखाचा असला तरी टीडीएस कापायचाच. कापला नाही तर खातं वसुली घेणाऱ्याकडून करतं, व्याजासकट. म्हणजे तुम्ही ऑस्टिनला आणि नोटीस मिरजेत.

आता आकडे. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला दीर्घ मुदतीचा भांडवली नफा १२.५ टक्क्यांनी, महागाई निर्देशांकाचा फायदा (खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायचा) नाही. इथं राहणाऱ्यांना जुन्या मिळकतीसाठी २० टक्के आणि निर्देशांक असा पर्याय ठेवलाय, अनिवासींना तो दिलेला नाही, हे नीट लक्षात घ्या कारण सांगलीतला तुमचा शेजारी त्याचा हिशेब सांगेल आणि तो तुम्हाला लागू नसेल. समजा फ्लॅट २१ लाखाला घेतला होता. नफा २७ लाख, त्यावर १२.५ टक्के आणि वर ४ टक्के सेस, मिळून १३ टक्के पडतात, म्हणजे ३ लाख ५१ हजार. खरेदीवेळी भरलेला मुद्रांक आणि नोंदणी फी खर्चात धरता येते, तेव्हा खरा कर आणखी थोडा कमी होईल, जुन्या पावत्या शोधून ठेवा.

पण टीडीएस कापायचा तो नफ्यावर नाही, पूर्ण ४८ लाखावर. १३ टक्क्यांनी ६ लाख २४ हजार. म्हणजे पावणेतीन लाखाच्या आसपास रक्कम जास्तीची जाऊन बसते आणि रिटर्न भरून परतावा येईपर्यंत वाट बघायची.

यावर उपाय म्हणजे कलम १९७ खालचं कमी दरानं टीडीएस कापायचं सर्टिफिकेट. त्याचा अर्ज फॉर्म १३, ऑनलाइन करायचा, फाइल पुण्याला इंटरनॅशनल टॅक्सेशनकडं जाते. त्यात घेणाऱ्याचा टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा) नंबर लागतो, म्हणून आधी त्या शिक्षकांनी टॅन काढायचा, नंतर तुम्ही अर्ज करायचा. सर्टिफिकेट यायला काही आठवडे जातात, आणि ते आल्यानंतरच्या पेमेंटलाच लागू होतं. टोकनच्या रकमेवरही टीडीएस आहेच, त्यामुळे सर्टिफिकेटच्या आधी घेतलेल्या प्रत्येक रुपयावर पूर्ण दरानं कापावा लागतो. वकीलसाहेबांनी टोकन थांबवा म्हटलं ते यासाठीच.

तुमच्या पॅनचा स्टेटस पोर्टलवर अनिवासी करून घ्या, नाहीतर आधार जोडलं नाही म्हणून पॅन निष्क्रिय दाखवतं आणि टीडीएसचा दर वाढतो. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागतो, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे नंबर वेगळे आहेत. मी दिलेत ते १९६१ च्या कायद्याचे.

कृष्णाकाठ_ऑस्टिन
मॅडम, खूप खूप आभार, एवढं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं. पण आता शिक्षक घाबरलेत. टॅन वगैरे ऐकून सर म्हणाले की आम्ही नोकरदार माणसं, आम्ही कुठं टीडीएसची रिटर्नं भरत बसू, त्यापेक्षा दुसरा फ्लॅट बघतो. त्यांना काय सांगू? माणसं चांगली आहेत, मला त्यांनाच द्यायचाय.

कोरेगावकर
मी घेणाऱ्याच्या बाजूनं बोलतो. आम्ही साताऱ्यात गोडोलीला फ्लॅट घेतला, मालक जर्मनीत. मलाही पहिल्यांदा असंच वाटलेलं की नको ही कटकट. मालकांनी एक गोष्ट फार चांगली केली, त्यांच्या सीएनं आमचा टॅन काढून दिला, दर पेमेंटला चलन भरून दिलं, २७क्यू नावाचं तिमाही रिटर्न भरून १६ए (टीडीएस भरल्याचं सर्टिफिकेट) काढून दिला, आणि त्याची फी मालकांनी दिली. आम्हाला फक्त सह्या आणि पैसे. तुम्ही पण सरांना हेच सांगा, तोंडी नको, साठेखतातच लिहा की टीडीएसच्या कामाचा खर्च विकणाऱ्याचा.

अजून एक अडचण आमची झाली होती ती सांगतो. बँक कर्जाचे पैसे थेट मालकाला देते, पण टीडीएस तर आपण कापायचा, मग तो कशातून? तो आपल्या स्वतःच्या हिश्श्यातून बाजूला काढावा लागतो. आधी बँकेत बसून कुठला पैसा कधी जाणार हे कागदावर मांडून घ्या, नाहीतर बँकेनं सगळे सोडून दिल्यावर कापायला काही उरत नाही.

आणि घेणाऱ्याला खरी भीती टीडीएसची नसते हो. भीती ही असते की मालक समोर नाही, उद्या कुणीतरी येऊन म्हणेल हा माणूस मालकच नव्हता. आम्ही मालकांशी व्हिडिओ कॉलवर बोललो, त्यांनी पासपोर्ट दाखवला, मूळ खरेदीखत त्यांच्या बहिणीनं समोर आणून दाखवलं, मग जिवात जीव आला. तुम्ही स्वतः सरांशी बोला, एजंटला मध्ये ठेवू नका.

अजिंक्यतारा_पायथा
मी उलट्या बाजूची आहे. आम्ही बरीच वर्षं इंग्लंडात लेस्टरला होतो, निवृत्त होऊन साताऱ्यात आलो, शाहूपुरीत राहतो. मागे काही वर्षं भाड्यानं ठेवलेलं लेस्टरचं घर इथूनच विकलं, तेव्हा तिकडची पद्धत कशी असते ते लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

तिकडं नोंदणी कार्यालयात जाऊन उभं राहायचं नसतं. सगळं सॉलिसिटरमार्फत. आधी करार एक्स्चेंज होतो, तेव्हा घेणारा साधारण १० टक्के रक्कम भरतो, आणि नंतर ठरलेल्या दिवशी कम्प्लीशन, त्या दिवशी बाकीचे पैसे आणि किल्ल्या. आम्हाला पासपोर्टच्या प्रमाणित प्रती पाठवाव्या लागल्या आणि टीआर-वन नावाच्या हस्तांतराच्या कागदावर साक्षीदारासमोर सही करावी लागली. साक्षीदार घरातला नको म्हणाले, मग शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांनी साक्ष दिली आणि कागद कुरिअरनं गेले. बस्स, सहीचं काम एवढंच.

अवघड काम करांचं. ब्रिटनमध्ये न राहणाऱ्यानं तिथलं घर विकलं की कम्प्लीशनपासून ६० दिवसांत कर खात्याला कळवावं लागतं, नफा झाला नसला तरीसुद्धा. उशीर झाला की १०० पौंडांपासून दंड सुरू. अनिवासींना हा कर एप्रिल २०१५ पासून लागू झाला, त्यामुळे त्या वेळची किंमत धरून हिशेब करता येतो, आणि जितकी वर्षं आपण स्वतः त्या घरात राहिलो तेवढ्या काळाची आणि शेवटच्या ९ महिन्यांची सूट मिळते. आणि हे विसरू नका की आपण आता भारताचे रहिवासी झालोत, इथल्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्ता शेड्यूल एफए मध्ये दाखवावी लागते आणि नफाही दाखवावा लागतो, तिकडं भरलेल्या कराची वजावट मागायला फॉर्म ६७ भरायचा. परदेशात राहत असताना घेतलेलं घर भारतात परतल्यावर ठेवायला मात्र फेमाची काही आडकाठी नाही, कलम ६(४) त्यासाठीच आहे.

एक सावधगिरी. पैसे पाठवायच्या सुमारास सॉलिसिटरच्या नावानं खोटा ईमेल येतो की आमचं खातं बदललंय. खाते नंबर ईमेलवरून कधीच मान्य करायचा नाही, आधीपासून माहीत असलेल्या फोनवर स्वतः फोन लावून विचारायचं. आणि ज्यांची घरं अजून तिकडं आहेत त्यांनी लँड रजिस्ट्रीची प्रॉपर्टी अलर्ट सेवा लावून ठेवा, फुकट आहे, आपल्या घरावर कुणी अर्ज केला की ईमेल येतो.

कृष्णाकाठ_ऑस्टिन
काकू, हे फारच उपयोगी. असा अलर्ट आपल्याकडं आहे का?

मिरजकर_वकील
तसाच नाही, पण नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च फुकट आहे, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की सूची दोन दिसते, म्हणजे त्या मिळकतीवर कोणते दस्त झाले ते कळतं. परदेशी राहणाऱ्यानं वर्षातून दोन-चार वेळा तरी बघत जावं. सातबारा डिजिटल सहीचा १५ रुपयांत निघतो. ज्या मिळकतीवर मालक फिरकत नाही तिथंच तोतये उभे राहतात.

येरळा_टोरंटो
याच धाग्यात विचारतो. माझं कॅनडाचं नागरिकत्व आहे, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) आहे. चुलतभाऊ शामरावनगरमध्ये ३ गुंठ्यांचा प्लॉट दाखवतोय, बाजारापेक्षा बराच स्वस्त. व्हिडिओवर बघितला, छान वाटला. इथून घेतला तर चालेल ना?

सांगलीवाडी_गडी
दादा थांबा जरा. मी सिव्हिलवाला आहे, याच भागात कामं करतो. पहिलं म्हणजे सातबारा मागवा. गुंठेवारीतल्या (शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यांनी पाडलेल्या) बऱ्याच प्लॉटांचा सातबारा अजून शेतीचाच असतो, त्यावर वीस-पंचवीस जणांची नावं असतात. आणि अनिवासी किंवा ओसीआयला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आली तर ठेवता येते, विकत नाही. म्हणजे प्लॉट कितीही चांगला असू दे, कागदावर शेती असेल तर तुमच्या नावावर व्हायला नको. गुंठेवारी नियमित केल्याचं महापालिकेचं प्रमाणपत्र आहे का ते बघा, २००१ च्या कायद्याखालचं, नुसती अर्ज केल्याची पावती नको.

दुसरं पाणी. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर सगळं पाण्यात. २०२१ च्या जुलैत परत. मार्च महिन्यात काढलेल्या व्हिडिओत हे कसं दिसणार? निळी रेषा, लाल रेषा (नदीच्या पूररेषा) कुठून जाते ते महापालिकेकडून लेखी घ्या, निळ्या रेषेच्या आत बांधकामाची परवानगी मिळणं अवघड असतं. आणि चुलतभावाला म्हणा शेजारच्या चार घरांत जाऊन विचार पाणी भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं, लोक हात लावून दाखवतात. स्वस्त आहे म्हणजे काहीतरी कारण आहे, आणि बऱ्याच वेळा ते कारण घेणारा लांब आहे हेच असतं. याचा मला मनापासून राग येतो, कारण दुपारच्या उन्हात व्हिडिओ काढून परदेशातल्या पोरांना प्लॉट विकायचे हा आता धंदाच झालाय.

दुबई_तासगाव
आमची तासगावजवळ वडिलोपार्जित द्राक्षबाग आहे, वडील वारले, मी दुबईत, दोघी बहिणी सासरी, वारस नोंद अजून केलेली नाही. गावातलेच एक जण घ्यायला तयार आहेत. मला विकता येईल का, आणि दुबईत अपोस्टिल कुठं मिळतं?

मिरजकर_वकील
दुबईत अपोस्टिल नाही, संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही, तुम्ही भारतीय कॉन्सुलेटमधूनच करा. वारसाहक्कानं आलेली शेती विकता येते, फक्त घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिक पाहिजे, आणि आपल्या कूळ कायद्याप्रमाणे तो शेतकरी पाहिजे, त्याचा दाखला घ्या. पण त्याआधी वारस नोंद. ई-हक्क या सरकारी साइटवरून अर्ज करता येतो, फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग नोंद मंजूर. दोघी बहिणींची नावं लागणारच, त्यांना हक्क सोडायचा असेल तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र पाहिजे, साध्या कागदावरच्या संमतीला काही अर्थ नाही. आणि कृपया त्यांना आधी विचारा, त्यांचा हिस्सा आहे.

हिशेबनीस_सांगली
तासगावची जमीन नगरपालिकेच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या बाहेर असेल तर ती ग्रामीण शेतजमीन धरली जाते आणि त्यावर भांडवली नफ्याचा करच नाही. तेव्हा अंतराचा दाखला आधी घ्या, तोच घेणाऱ्याला टीडीएससाठी दाखवता येतो.

कृष्णाकाठ_ऑस्टिन
अपडेट देतो. सरांशी आणि बाईंशी काल व्हिडिओवर बोललो, कोरेगावकरांनी सांगितलं तसं खर्च मी करतो म्हटलं, ते तयार झाले. टॅनचा अर्ज गेला. एजंटला सांगितलं की टोकन सर्टिफिकेट आल्यावर, तो नाराज आहे. मुखत्यारपत्राचा मसुदा वकीलसाहेबांनी सांगितला तसा फक्त कबुलीपुरता करतोय, सही मीच करणार. शेवटचे दोन प्रश्न. पैसे एनआरओ मध्ये आल्यावर इकडं आणायचे कसे, आणि अमेरिकेत परत कर लागणार का?

हिशेबनीस_सांगली
एनआरओ मधून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात, तुमची रक्कम त्यात आरामात बसते. बँकेला १५सीए (पैसे बाहेर पाठवण्याचं तुमचं घोषणापत्र) आणि सीएचं १५सीबी (कराबद्दलचं सर्टिफिकेट) द्यायचं, सोबत खरेदीखताची प्रत आणि टीडीएसचा पुरावा. १६ए हातात आल्याशिवाय घाई करू नका, बँक तो मागतेच.

अमेरिकेत हा नफा दाखवावा लागेल, तुम्ही तिथले कर रहिवासी आहात. इथं भरलेल्या कराची वजावट फॉर्म १११६ वर मिळते. भाड्याने दिला होतात ना, मग त्या वर्षांच्या घसाऱ्याचा हिशेब तिथल्या सीपीएला नक्की विचारा, त्यानं तिकडचा नफा वाढतो. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली की एफबार (परदेशी खात्यांची अमेरिकी सरकारला द्यायची माहिती) भरायचा, आणि ४८ लाख आल्यावर ती जाणारच. इथला कर वाचवायचा असेल तर विक्रीपासून ६ महिन्यांत ५४ईसी चे बाँड घेता येतात, ५० लाखापर्यंत, पण पैसे ५ वर्षं अडकतात आणि अमेरिका ती सूट मानत नाही, मग तिकडं कर पूर्ण पडतो. ऑस्टिनला घर घेऊन इथली सूट मिळते का असं बरेच जण विचारतात, नाही मिळत, कलम ५४ ला घर भारतातलंच लागतं.

फॉर्म १३ भरताना २०११ चं खरेदीखत, पॅन, घेणाऱ्याचा टॅन, ठरलेल्या किमतीचा कच्चा करार आणि मागची रिटर्नं तयार ठेवा. भाड्याच्या वर्षांची रिटर्नं भरलेली नसतील तर अधिकारी आधी तेच विचारेल, मला व्यक्तिगत निरोप करा, बघू काय काय बाकी आहे ते.